दिवाणखान्यातील संगणक : थोड्या भांडवलात

दशलक्षण पर्वाची सांगता अनंत चतुर्दशीस होते. १९९३ साली ती होऊन काही तासच लोटले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि सास्तूरची दगडमातीची, जाड भिंतींची घरे कोसळली. गेलेल्या माणसांची मोजदाद झाली. भिंतींखाली गेलेल्या तसबिरी, वह्या आणि लग्नाचे अल्बम मात्र कोणत्या खाती मांडणार? याच जिल्ह्यात, कुंथलगिरी सिद्धक्षेत्री, १९५५ मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली. त्या काळात त्यांचा अखेरचा मराठी उपदेश ध्वनिमुद्रित झाला. तो आवाज आज ऐकता येतो, कारण त्याच्या प्रती होत गेल्या.

आज बहुतेक व्यापारी कुटुंबांत विवाहाची व्हीएचएस कॅसेट कपाटात, प्रवचनांच्या सीडी देवघराशेजारी आणि नातवंडांची चित्रे कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असतात. हे सारे एका जागी आणून घरच्या टीव्हीवर पाहता यावे यासाठी टीव्हीला जोडलेला एक साधा संगणक पुरेसा आहे. त्यावर लिनक्स ही विनामूल्य ऑपरेटिंग सिस्टिम आणि कोडी हा चित्रफिती लावण्याचा प्रोग्रॅम बसवला, की सॉफ्टवेअरचा खर्च शून्य. प्रश्न उरतो तो यंत्राचा.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबवला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे, अंगाने धडधाकट असे कार्यालयीन संगणक जुन्या बाजारात आले आहेत. लिनक्सला ते वय चालते. पण सहावी आणि सातवी पिढी यांत या कामापुरता मोठा फरक आहे. चित्रफीत दाबून साठवलेली असते आणि ती दाखवताना उलगडावी लागते. हे काम प्रोसेसरमधील खास भागाने केले तर यंत्र थंड राहते. तो भाग नसेल तर सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो, पंखा घोंघावतो आणि चित्र अडखळते. एच.२६४ ही जुनी पद्धत दोन्ही पिढ्यांना जमते. नवे मोबाइल बहुधा एचईव्हीसी पद्धतीने चित्रण करतात. तिचा साधा, म्हणजे ८ बिटांचा, प्रकार सहाव्या पिढीला येतो. १० बिटांचा प्रकार आणि यूट्यूबची व्हीपी९ पद्धत पूर्णपणे येते ती सातव्या पिढीपासून. म्हणून जुने घ्यायचे तर सातव्या पिढीचे घ्यावे. नावातच खूण असते : आय३-७१०० मधील पहिला ७ म्हणजे सातवी पिढी. दुकानदार ‘आय५ आहे’ एवढेच सांगत असेल, तर माल पुरता सांगितलेला नाही. सातव्या पिढीचा आय३ या कामी चौथ्या पिढीच्या आय७ पेक्षा सरस ठरतो.

दुसरा पर्याय इंटेल एन१०० प्रोसेसरचा तळहाताएवढा नवा संगणक. २०२३ मध्ये आलेला हा प्रोसेसर एव्ही१ ही नवी पद्धतही उलगडतो आणि वीज फार कमी खातो. तिसरा रास्पबेरी पाय; मात्र त्याला वीजजोड, पेटी आणि मेमरी कार्ड वेगळे घ्यावे लागते. ती बेरीज केली की स्वस्ताई बरीच विरघळते.

विजेचा हिशेब मांडून पाहावा. जुना संगणक ५० वॅट आणि लहान १० वॅट घेतो असे धरू. रोज ४ तास चालवल्यास वर्षाला अनुक्रमे ७३ आणि सुमारे १५ युनिट लागतात. युनिटला १० रुपये धरले तरी फरक ५८० रुपयांचा. एवढ्यासाठी काही हजार जास्त देऊन नवे यंत्र घेणे व्यवहारात बसत नाही. पण तोच संगणक दुकानाच्या नोंदींसाठी अहोरात्र चालू ठेवायचा असेल, तर फरक ३५० युनिटांचा, म्हणजे वर्षाला साडेतीन हजारांचा होतो. तेथे लहान यंत्रच घ्यावे. वेगळे ग्राफिक्स कार्ड कोणी सुचवले तर नम्रपणे नाकारावे. ते खेळांसाठी असते.

रॅम कोडीपुरती ४ जीबी चालते. ब्राउझरही वापरायचा तर ८ घ्यावी. जुन्या यंत्राची फिरती डिस्क काढून लहान एसएसडी बसवल्याने जो वेग मिळतो, तो दुसऱ्या कोणत्याही खर्चाने मिळत नाही. कार्यालयीन संगणकांना पुष्कळदा एचडीएमआय नसून डिस्प्लेपोर्ट असतो. रूपांतरक आधीच घेऊन ठेवावा. ज्या घरात मुख्यतः सशुल्क ओटीटी मालिका पाहिल्या जातात, तेथे हा खटाटोप करू नये. लिनक्सवरील ब्राउझरमध्ये त्यांपैकी अनेक सेवा कमी प्रतीचे चित्र देतात. टीव्हीला लावायची साधी स्टिक त्यासाठी बरी.

काटकसर करू नये अशी एकच जागा आहे, ती साठवणीची. जुन्या कॅसेटचे एक तासाचे रूपांतर साधारण सव्वादोन जीबी होते. म्हणजे शंभर तासांचे चित्रण १ टीबीच्या डिस्कमध्ये सहज मावते. अशा दोन नव्या डिस्क घ्याव्यात. एक टीव्हीजवळ आणि दुसरी त्याच घराच्या तिजोरीत नव्हे, तर लातूर-सोलापूरच्या मुलीकडे किंवा व्याह्यांकडे. दर पर्युषणात भेटीगाठी होतात तेव्हा ती अद्ययावत करून परत द्यावी.

खरेदीला जाताना लिनक्स मिंट भरलेला पेनड्राइव्ह आणि आपल्याच मोबाइलवरील एक चित्रफीत खिशात न्यावी. मिंट काहीही न बसवता पेनड्राइव्हवरूनच सुरू होते. दुकानातच चित्रफीत दहा मिनिटे चालवून चित्र, आवाज आणि पंखा तपासावा. लिबरइलेक ही केवळ कोडीसाठीची लिनक्स घरी आणल्यावर बसवावी. ती बसवताना संपूर्ण डिस्क पुसली जाते, हे ध्यानात ठेवावे. बिलावर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.