शहराची तहान

कर्जत तालुक्यातील मिरजगाव हे नगर-सोलापूर रस्त्यावर वसलेले गाव. हा मुलूख पर्जन्यछायेचा. सह्याद्रीवर बरसून रिकामे झालेले मेघ तेवढे येथवर पोहोचतात. जवळच निमगाव गांगर्डा येथे सीना नदीवर धरण आहे. ही सीना वरच्या अंगाला अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, या शहराच्या कडेने वाहत येते. तेव्हा शहर आपल्या पाण्याचे काय करते, हा प्रश्न एकट्या शहरवासीयांचा नाही. नदीच्या खालच्या बाजूस राहणाऱ्या शेतकऱ्याचाही आहे.

इ.स. 1490 मध्ये मलिक अहमद निजामशहाने सीनेच्या काठी हे नगर वसविले. नदीच्या पाण्यावर विसंबून एवढ्या वस्तीचे भागणार नव्हते. म्हणून कापूरवाडी, शेंडी अशा उंचावरील गावांच्या परिसरातील विहिरींचे पाणी खापरी नळांतून शहरात आणण्यात आले. त्या काळी ना इंजिन होते, ना वीज. जमिनीचा उतार हाच पाण्याला ओढून आणणारा बैल! निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर याने इ.स. 1610 च्या सुमारास खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविले. तेथेही त्याने डोंगराच्या कुशीतील पाणी जमिनीखालच्या नहरीने आणले. अशा नहरीला एक बंधन असे. भूमीत जेवढे मुरेल, तेवढेच तिच्यातून मिळे.

आज अहिल्यानगर मुळा धरणाचे पाणी पिते. धरण आले ही इष्टच गोष्ट झाली. खापरी नळांवर आजच्या लोकवस्तीची तहान भागली नसती. परंतु दुरून पाणी येऊ लागले, की पायाखालच्या पाण्याचा विसर पडतो. रस्ते डांबराचे, अंगणे फरशीची, ओढे बुजविलेले. मग पावसाने मुरावे कोठे? ते धावत सुटते आणि सखल भागातील घरांत शिरते. वास्तविक 100 चौरस मीटर छपरावर वर्षाकाठी 500 मिलिमीटर पाऊस पडला, तर 50,000 लिटर पाणी होते. दहा लिटरच्या घागरीने मोजू गेल्यास त्या 5,000 घागरी भरतील.

दूरच्या पाण्यावर भिस्त ठेवणे किती धोक्याचे असते, हे लातूरने अनुभविले. मांजरा धरण कोरडे पडले आणि 2016 च्या एप्रिल महिन्यात त्या शहराला आगगाडीने पाणी पोहोचवावे लागले. ती गाडी सांगलीजवळच्या मिरजेहून, सुमारे 340 किलोमीटर अंतरावरून येत असे.

चीन देशातील शहरांपुढेही हेच संकट उभे आहे. तेथील शासनाने 2015 मध्ये 16 शहरे निवडून त्यांना ‘स्पंज’सारखे करण्याचे ठरविले. च्यांगशी प्रांतातील फिंगश्यांग हे मध्यम आकाराचे शहर त्यांपैकी एक. पाणी झिरपू देणारे पदपथ, पाणथळ उद्याने, तळी यांच्या योगाने पडलेल्या पावसापैकी निदान 70 टक्के पाणी जागच्या जागी जिरवावे अथवा वापरावे, असा हा विचार. मात्र स्पंजालाही मर्यादा असते. जुलै 2021 मध्ये चंगचौ शहरात एका तासात 201.9 मिलिमीटर पाऊस कोसळला. तेथेही अशी कामे झाली होती, पण त्या लोंढ्यापुढे ती अपुरी पडली. म्हणून पुराच्या पाण्याला वाट मोकळी ठेवणे, नदीपात्रात घरे न बांधणे, हे जुने शहाणपण सोडून चालत नाही.

आपल्याकडेही मोठ्या इमारतींना पर्जन्यजल साठविण्याची अट आहे. ती नकाशावर जितकी ठळक दिसते, तितकी छपराखाली दिसत नाही, हे खरे.

राहिला प्रश्न वापरलेल्या पाण्याचा. शहरात नळाने आलेले बहुतेक पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. ते तसेच नदीत सोडले, तर घाण खालच्या गावांच्या वाट्याला येते. शुद्ध केले, तर तेच पाणी पुन्हा कामास येते. नागपूर शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडी येथील औष्णिक वीजकेंद्राला दिले जाते. तेवढे धरणाचे पाणी पिण्यासाठी व शेतीसाठी शिल्लक राहते.