वृद्धांचा विसराळूपणा आणि 'ब-१२' जीवनसत्त्व

घरातील वडीलधारी व्यक्ती नावे विसरू लागली, पायांना मुंग्या येतात असे सांगू लागली, चालताना तिचा तोल जाऊ लागला, की 'साठी बुद्धी नाठी' असे म्हणून घरची मंडळी स्वस्थ बसतात. म्हण जुनी आहे. परंतु ती दर वेळी खरी ठरतेच असे नाही. या तक्रारींचे मूळ काही वेळा वयात नसून आहारात व जठरात असते, आणि ते वेळीच ओळखल्यास उपाय करता येतो.

मज्जातंतूंवरील स्निग्ध आवरण टिकविण्यास व तांबड्या रक्तपेशी तयार होण्यास 'ब-१२' हे जीवनसत्त्व आवश्यक असते. १९४८ साली ते यकृतापासून शुद्ध स्वरूपात मिळविण्यात आले. प्रौढ माणसास ते दिवसाकाठी अवघे दोन ते अडीच मायक्रोग्रॅम पुरते. मात्र निसर्गात ते केवळ जीवाणूच निर्माण करतात. धान्ये, डाळी व भाजीपाला यांत ते नसते. मासे, मांस, अंडी व दूधदुभते यांतूनच मिळते. बांगडा, तारले, तिसऱ्या यांत ते विपुल असते. चहापुरतेच दूध घेणाऱ्या शाकाहारी वृद्धांची मात्र आबाळ होते. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरी व ग्रामीण अशा ४४१ मध्यमवयीन पुरुषांची रक्ततपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ६७ टक्के पुरुषांत हे जीवनसत्त्व कमी आढळले. वृद्धापकाळ यायचा होता, तेव्हाची ही स्थिती!

नित्य मासे खाणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. अन्नातील 'ब-१२' सुटे होण्यास जठरातील आम्ल लागते आणि उतारवयात अनेकांच्या जठराचे अस्तर क्षीण होऊन आम्ल कमी पडते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तावरील गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यानेही हे शोषण घटते. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे उणीव चोरपावलांनी येते.

सर्वच विस्मृती या उणिवेमुळे होते असे नव्हे; स्मृतिभ्रंशाची इतरही कारणे आहेत. तथापि रक्ताच्या साध्या तपासणीने ही उणीव समजते व डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या किंवा इंजेक्शने देऊन ती भरून काढता येते. केवळ फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मनानेच घेणे धोक्याचे आहे. त्यांनी रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची झीज आत चालूच राहते. आणि ती फार काळ चालली, तर पुढील उपचारांनीही पूर्णपणे भरून येत नाही.