पोलादाचं कोंदण

आपल्या बोलण्यात देऊळ डोंगराच्या कोंदणात असतं, गाव नदीच्या. सोनाराच्या लेखी मात्र कोंदण म्हणजे खड्याभोवती दाबून बसवलेलं सोनं, दुसरं काही नाही. सोन्याऐवजी तिथे पोलाद असेल तर? नक्षीदार चाकूच्या मुठीवर, शिकारी बंदुकीच्या कडेच्या पट्टीवर हिरे-माणकं चमकताना दिसतात तेव्हा हा प्रश्न पडतो. मला तो जरा जास्तच पडला आणि मी पोलादाची पट्टी लाखेवर चिकटवून शिकायला बसलो. सोन्या-चांदीत खडे बसवायचा थोडा सराव होता. त्याची मिजास पहिल्या तासातच उतरली. तीन ग्रेव्हरची, म्हणजे कोरायच्या हत्यारांची, टोकं मोडली होती.

धातूचा कठीणपणा मोजण्याच्या विकर्स पद्धतीत तापवून नरम केलेलं शुद्ध सोनं 25च्या आसपास भरतं, साधं नरम पोलाद 100 ते 150, आणि पाणी दिलेलं पोलाद 700च्याही वर जातं. म्हणून कोरायचं ते नरम पोलादावरच. ग्रेव्हरचं तोंड 45 ते 50 अंशांत घासायचं, आणि खालून टाचेसारखा एक बारीक पैलू द्यायचा. ही टाच नसली तर हत्यार एकतर पोलादात रुततं, नाहीतर वरून घसरतं. घसरलं की आधी नक्षीवर ओरखडा आणि मग डाव्या हाताच्या अंगठ्यात. पूर्वी ग्रेव्हर हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी पुढे न्यायचे. गेल्या पन्नासेक वर्षांत हवेच्या दाबावर सूक्ष्म ठोके देणारी हत्यारं आली. मनगटाचे कष्ट वाचले, पण धार लावण्यातून सुटका नाही. शिकण्याचा निम्मा वेळ त्यातच जातो.

खडा बसवण्याची नेहमीची रीत अशी. दीड मिलिमीटरच्या गोल खड्यासाठी त्याहून लहान भोक पाडायचं, बर्र हे दातेरी टोक फिरवून खड्याच्या कंबरेला टेकायला पायरी करायची, आणि आजूबाजूच्या धातूतून ग्रेव्हरने चार कण उचलून खड्यावर वळवायचे. मग वाटीसारख्या टोकाच्या हत्याराने ते गोल करायचे. सोन्यात हा कण लोण्यासारखा उठतो आणि वळवला तिथेच राहतो. पोलादात तो उठतानाच तुटतो. उठलाच तर वळवल्यावर किंचित मागे येतो आणि खडा सैल पडतो. जास्त दाबलं तर सगळा भार खड्याच्या कडेवर जातो. हिरा निसर्गातला सर्वांत कठीण पदार्थ खरा, पण कडेला तो टवका सोडतो. पाचू तर त्याहून नाजूक. म्हणून शिकताना अमेरिकन डायमंड वापरावेत. मी पहिल्या डझनातले सात फोडले.

मग कारागीर करतात काय? पोलादाला सहसा खडा धरायला लावतच नाहीत. पोलादात खळगा करून त्याच्या भिंती आतून कोरतात, तोंड अरुंद आणि पोट रुंद. त्यात 24 कॅरेट सोन्याचा तुकडा ठोकतात. सोनं पसरून पोटात भरतं आणि अरुंद तोंडातून पुन्हा बाहेर येऊ शकत नाही. डाग द्यावा लागत नाही. वरून कानस मारून ते सपाट केलं, की त्या सोन्यात खडा नेहमीच्या रीतीने बसतो. हे कळलं तेव्हा मला थोडं फसवल्यासारखं वाटलं. पोलादातला हिरा पोलादात नसतोच!

आपल्या कुंदनकाराला ही युक्ती शिकवावी लागली नसती. अतिशुद्ध सोन्याची पातळ पट्टी थंडच दाबली तरी तिचे थर एकमेकांत मिसळून एकजीव होतात, कारण त्यावर गंजाचा पापुद्रा नसतो. भट्टी नाही, म्हणून न तापवता येणाऱ्या जेडमध्ये आणि स्फटिकातही मुघल कारागिरांनी माणकं बसवली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जहांगीराच्या काळातला (1605-27) एक खंजीर आहे. त्याच्या मुठीचा गाभा लोखंडाचा, पण त्यावर सोन्याचा जाड पत्रा चढवून, नक्षी कोरून त्यात पाचू-माणकं जडवली आहेत. ताकद लोखंडाची, पकड सोन्याची.

कामाचा क्रम चुकवून चालत नाही. आधी सोनं ठोकायचं, मग वेलबुट्टी कोरायची, मग पोलादाला रंग द्यायचा आणि खडा अगदी शेवटी. घासलेलं पोलाद सुमारे 300 अंश सेल्सिअसला निळं होतं, सोनं मात्र पिवळंच राहतं. त्या निळ्यातलं सोनं पाहिलं की मोडलेली टोकं विसरायला होतं. पण आधी खडा बसवून मग तापवायला गेलात, तर खड्याला तडा जाण्याची धास्ती.

आणि गंज. सोनाराला हा शत्रू माहीतच नसतो. माझी पहिली धड जमलेली पट्टी मी जूनमध्ये कौतुकाने चार जणांच्या हातात दिली आणि तेल न लावता कपाटात ठेवली. गणपतीत काढली तेव्हा खडा जागेवर होता, सोनं झळझळीत होतं, आणि निळ्या पोलादावर कुणाच्या तरी अंगठ्याचा तांबूस ठसा उमटला होता, रेष न् रेष मोजता येईल असा.