भोंगा थांबत नाही तेव्हा

पिंपरी म्हटले की पेनिसिलीन आठवते. 1954 साली येथे ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ स्थापन झाली. पेनिसिलीन जंतू मारते, रोगी बरा होतो, हिशेब सरळ. पण डर्मॅटोमायोसायटिस, म्हणजे त्वचा व स्नायूंचा दाह, या रोगात मारायला जंतूच सापडत नाही. पाटावरून उठताना हात टेकावे लागतात, केस विंचरताना हात वर राहत नाही, पापण्यांवर जांभळट पुरळ येते. मग स्नायूंवर हल्ला करतो कोण? आपलीच प्रतिकारयंत्रणा!

विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन हे प्रथिन सोडते. आयझॅक्स व लिंडेनमान यांनी ते 1957 साली लंडनमध्ये शोधले. कारखान्यातला धोक्याचा भोंगाच म्हणा ना! ते शेजारच्या पेशीला चिकटले की आतली ‘जॅक’ विकरे ‘स्टॅट’ प्रथिनांना फॉस्फेट जोडतात. ही प्रथिने केंद्रकात जाऊन संरक्षक जनुके चालू करतात. विषाणू गेला की भोंगा थांबायला हवा. या रोगात तो वाजतच राहतो.

प्रेडनिसोलोन सगळाच गलबला कमी करते, पण फार दिवस घेतल्यास स्नायूच दुबळे करते! टोफॅसिटिनिब नेमके ‘जॅक’ला अडवते, काही रुग्णांत त्याने पुरळ व अशक्तपणा कमी झाला. मात्र तार तोडलेला भोंगा खऱ्या धोक्यालाही नीट वाजत नाही. नागीण उठण्याची भीती वाढते.

बहुधा पन्नाशीनंतर होणाऱ्या ‘इन्क्लूजन बॉडी मायोसायटिस’मध्येही स्नायू दुबळे होतात, पण प्रेडनिसोलोन तेथे सहसा लागू पडत नाही. म्हणूनच डॉक्टर पुष्कळदा स्नायूचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आणि मग औषध ठरवितात.