भाषेचा वर्ग दोन्ही बाजूंचा
परदेशी कर्मचाऱ्यांना कामाच्या जागी भाषा शिकवताना (व्याख्यानाचं शब्दांकन)

समोर नर्सिंगच्या बऱ्याच विद्यार्थिनी दिसताहेत, जर्मन शिकवणारे काही शिक्षकही आहेत. त्यामुळे प्रस्तावना लांबवत नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. तेव्हापासून मला फोन येतात ते एकाच प्रकारचे. जर्मन कुठं शिकायचं? किती महिने लागतात? बी-टू होईल का? प्रश्न रास्त आहेत. पण मी आज बोलणार आहे ते बी-टू झाल्यानंतरचं. माणूस तिकडे पोचला, गणवेश घातला, वॉर्डात उभा राहिला, त्यानंतरचं.

मी पुण्यात काही वर्षं जर्मन शिकवलं आणि मग त्याच राज्यातल्या एका रुग्णालयात परदेशी परिचारिकांचा भाषावर्ग चालवला. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कारण चुका सांगणार आहे. पहिल्या चुका माझ्याच आहेत.

आधी पातळ्यांचं थोडक्यात. युरोपात भाषा किती येते हे मोजायची एक सामायिक चौकट आहे, 2001 साली प्रसिद्ध झालेली. ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला साधारणपणे बी-टू मागतात. बी-टू म्हणजे वर्तमानपत्रातला लेख समजतो, आपलं मत मांडता येतं, तक्रारीचं पत्र लिहिता येतं. सोपं नाही ते.

आता एक प्रसंग सांगते. सांगलीकडची एक मुलगी, बी-टू चांगल्या गुणांनी पास. पहिल्याच आठवड्यात रात्रपाळी. ऐंशीच्या पुढच्या एक आजी तिला म्हणाल्या, "इश मुस माल." शब्दशः बघितलं तर "मला जरा करावं लागतंय." ही उभी राहिली वाक्य पूर्ण व्हायची वाट बघत. काय करावं लागतंय? क्रियापद कुठंय? तिला शिकवलं होतं की जर्मनमध्ये क्रियापद शेवटी येतं. ते आलंच नाही. कारण वाक्य तिथंच संपलं होतं. त्याचा अर्थ, मला लघवीला जायचंय. आपल्याकडची आजी नाही का म्हणत, "मला जरा जाऊन यायचंय"? कुठं, ते कोणी विचारत नाही.

तोवर अंथरूण ओलं झालं. आजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि सोबतच्या सीनियर बाई वॉर्डभर म्हणाल्या, हिला जर्मनच येत नाही. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "मॅडम, मी परत जाऊ का?" घरच्यांनी कर्ज काढलेलं होतं. तिच्या त्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

मी काय करत होते त्या वेळी? सकाळची पाळी दुपारी दोनच्या सुमाराला संपायची, की लगेच अडीच वाजता माझा वर्ग. छान पुस्तक, छान खोली, पर्यावरण आणि प्रसारमाध्यमं असले धडे. पहिल्या आठवड्यात बारा जणी आल्या, दीड महिन्यानं पाच. पहाटे पाचला उठून आठ तास पायांवर उभी राहिलेली बाई अडीच वाजता काय शिकणार? मी मात्र अहवालात लिहीत होते, "उपस्थिती कमी, प्रेरणेचा अभाव." प्रेरणेचा अभाव नव्हता हो, झोपेचा होता.

म्हणून पहिली गोष्ट. भाषेचा तास कामाच्या वेळात घ्या आणि तो ड्यूटीच्या तक्त्यात लिहून घ्या. व्यवस्थापनाला ते महाग वाटतं. पण तक्त्यात नसलेला वर्ग कुणाच्याच जबाबदारीचा नसतो. वॉर्डात गर्दी झाली की पहिल्यांदा तोच रद्द होतो.

दुसरी गोष्ट मला उशिरा सुचली. मी पुस्तक मिटलं आणि दोन आठवडे वही घेऊन वॉर्डात बसले. नुसतं ऐकलं. त्या वहीतलं थोडं सांगते.

पाळी बदलताना जाणारी परिचारिका येणारीला सगळे रुग्ण सांगते, त्याला तिकडे युबरगाबे म्हणतात. भरभर, संक्षेपांत. त्यात एक 'आर-आर' यायचं. आपल्याकडे शिकलेल्या मुलीच्या डोक्यात आर-आर म्हणजे मिनिटाला श्वास किती. जर्मनीत आर-आर म्हणजे रक्तदाब, रक्तदाब मोजायचं यंत्र करणाऱ्या रिवा-रोची या इटालियन डॉक्टरच्या नावावरून. दोन अक्षरं तीच, अर्थ वेगळा, आणि दोन्ही बाजूंना शंभर टक्के खात्री!

आकडे घ्या. जर्मनीत दशांशाला टिंब देत नाहीत, स्वल्पविराम देतात. आपण जिथं दीड लिहिताना एक टिंब पाच करतो, तिथं ते एक स्वल्पविराम पाच. आणि हजारासाठी ते टिंब वापरतात. औषधाच्या मात्रेत ही गफलत झाली तर काय होईल, हे तुम्हाला मी सांगायला नको. हातानं लिहिलेला त्यांचा 1 तर आपल्याला 7 वाटतो.

मग बोली. स्टुटगार्टच्या आसपास श्वेबिश बोलतात. पुस्तकात 'फूस' म्हणजे पाऊल. श्वेबिश माणसाचा 'फूस' कमरेपासून बोटांपर्यंत. पुस्तकात 'हेबन' म्हणजे उचलणं, श्वेबिशमध्ये धरणं. 'टेपिश' म्हणजे पुस्तकात सतरंजी, गालिचा; श्वेबिश आजोबा टेपिश मागतात तेव्हा त्यांना पांघरूण हवं असतं. हे कुठल्या परीक्षेत येणार?

आणि अंघोळ. आपल्याकडे रुग्णाला पुसणं, भरवणं पुष्कळदा नातेवाईक करतात. तिकडे ते परिचारिकेचं काम. म्हणजे अनोळखी म्हाताऱ्या माणसाचे कपडे उतरवताना त्याच्याशी काय बोलायचं, कुठला शब्द वापरला तर त्याला लाज वाटणार नाही, ही भाषा लागते. आमच्या पुस्तकात त्यासाठी एक ओळ नव्हती.

माझ्या वर्गाचा नवा अभ्यासक्रम ही वहीच झाली. वर्गात आम्ही खोटे प्रसंग करायचो: फोन वाजला, लेकीला आईची तब्येत कळवायची आहे, तिला किती सांगायची परवानगी आहे? युबरगाबे आम्ही घड्याळ लावून करायचो.

इथं मातृभाषेचा फार उपयोग होतो. आधीच्या मुली जर्मन इंग्रजीतून शिकल्या होत्या. 'हाल्ब द्राय' म्हणजे शब्दशः 'अर्धे तीन', त्या साडेतीन समजायच्या. मी म्हटलं, इंग्रजी बाजूला ठेव. आपला 'अडीच' कुठून आला? संस्कृत 'अर्धतृतीय', म्हणजे दोन पूर्ण, तिसरा अर्धा. हाल्ब द्राय म्हणजे अडीच. तसंच चोवीस. जर्मन म्हणतो चार-आणि-वीस, आपणही आधी चार म्हणतो आणि मग वीस. आणि 'फूस'? "पाय दुखतोय" म्हणणारी मराठी आजी तळपायाबद्दल बोलते की गुडघ्याबद्दल? आपणही विचारतोच ना, "कुठं दुखतोय?" मग तिथंही विचार.

आता तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मी आज आले. एवढं सगळं केलं तरी वॉर्डातली कुरबूर थांबेना. सीनियर म्हणत, या मुली सगळ्याला 'हो' म्हणतात आणि करत नाहीत. मुली म्हणत, या बायका रागानंच बोलतात.

तेव्हा मला जॉन गंपर्झ यांचं काम आठवलं. हे अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ. 1970 च्या दशकात ब्रिटनमध्ये कारखान्यांत, विमानतळांवर भारत-पाकिस्तानातून आलेल्या कामगारांसाठी कामाच्या जागी भाषावर्ग चालत, त्या लोकांबरोबर त्यांनी काम केलं. त्यांनी सांगितलेलं एक उदाहरण आता फार प्रसिद्ध आहे. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावरचं कर्मचाऱ्यांचं उपाहारगृह. तिथं भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्यानं वाढायला लागल्या होत्या. तक्रार अशी की या उद्धट आहेत. त्या तर जेमतेम एखादा शब्द बोलत. ध्वनिमुद्रण केलं तेव्हा कळलं. ताटात ग्रेव्ही वाढू का, हे विचारताना इंग्रज बाई आवाज वर नेऊन म्हणायची "ग्रेव्ही?" आपल्या बायका आवाज खाली आणून म्हणायच्या "ग्रेव्ही." इंग्रज कानाला ते विचारणं वाटत नव्हतं. ही ग्रेव्ही आहे, हवी तर घे, असं ऐकू येत होतं.

खरी गंमत पुढं आहे. ध्वनिमुद्रण ऐकवल्यावर त्या बायका आधी म्हणाल्या, आम्ही तेच तर बोलतोय. मग फरक लक्षात आला. आणि त्यांच्या वरिष्ठांनाही कळलं की आवाज खाली आणणं ही या बायकांची विचारायची साधी रीत आहे, त्यात उद्धटपणा नाही. दोन्ही बाजूंना कळलं, तेव्हा कोडं सुटलं. पुढे 1979 मध्ये गंपर्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या कामावर बीबीसीनं 'क्रॉसटॉक' नावाचा कार्यक्रमही केला.

याच गंपर्झ यांनी आपल्या सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचाही अभ्यास केला होता, 1971 मध्ये एका सहकाऱ्याबरोबर तो लेख आला. तिथं मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या आणि त्यांची वाक्यरचना इतकी जवळ आली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावं. शेजार लांबला की दोन्हीकडच्या भाषा सरकतात. कामाच्या जागी मात्र आपण धरून चालतो की सरकायचं ते फक्त नव्यानं आलेल्यानं.

मग मी सीनियर परिचारिकांचं सत्र मागून घेतलं. त्या नाराजच आल्या. मी नमस्कार केला आणि एका रुग्णाची युबरगाबे मराठीत दिली, पाच मिनिटं, वॉर्डातल्याच वेगानं. शेवटी जर्मनमध्ये विचारलं, "समजलं?" एका बाईंनी मान डोलावली. सगळे हसले, त्याही हसल्या. मी विचारलं, मान का डोलावली? त्या म्हणाल्या, "सगळे बघत होते." मी म्हटलं, माझ्या मुलींचंही तसंच आहे. शिवाय आमच्याकडे वरिष्ठांना उलट विचारणं उद्धटपणाचं मानतात. त्यांचा 'हो' म्हणजे 'मी ऐकतेय'.

त्या दिवशी आम्ही चार गोष्टी ठरवल्या. एक, "समजलं का?" हा प्रश्न बंद. त्याऐवजी "आता काय करणार आहेस ते सांग." दोन, नव्या मुलीशी पहिले काही महिने श्वेबिश नाही, आणि मोठ्यानं बोलणं म्हणजे स्पष्ट बोलणं नव्हे. तीन, मोडकं बोलायचं नाही. "तू जाणे खोली" असलं जर्मन मी कानांनी ऐकलंय. आपणही वॉचमनशी तशी हिंदी बोलतोच. त्यातून समोरचा शिकत नाही आणि अपमान होतो तो वेगळाच. चार, रुग्णाला धोका असेल ती चूक तिथल्या तिथं दुरुस्त करा. लिंगाची, विभक्तीची चूक रुग्णासमोर कधीही काढू नका.

आता यश मोजायचं कसं? मी गुण बघणं सोडलं. वॉर्डातला फोन वाजला की कोण उचलतं, ते बघायला लागले. सुरुवातीला नवी मुलगी फोनपासून लांब सरकायची. आणि दुसरं, "परत सांगा, कळलं नाही" हे कोण म्हणतं. हे वाक्य वाढलं की मी समजायची, वर्ग चाललाय. सगळं जमलं असं नाही. दोघी मधेच दुसऱ्या शहरात निघून गेल्या. एका वॉर्डाच्या प्रमुखांनी माणसंच सोडली नाहीत आणि तिथं काहीच बदललं नाही.

ती सांगलीकडची मुलगी राहिली. पुढच्या वर्षी नवी तुकडी आली तेव्हा वॉर्ड दाखवायला तिला नेमलं होतं. तिनं स्वतःची वही केली होती. पहिल्या पानावर एकच वाक्य: "इश मुस माल."

(श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी दोन)

प्रश्न: मग बी-टूचा उपयोग काय?

उत्तर: पाया म्हणून पुष्कळ. तो नसेल तर वहीतली वाक्यं पोपटपंची होतील. फक्त बी-टू म्हणजे काम शिकायला तयार, एवढंच समजा. एजंट तुम्हाला म्हणाला की बी-टूनंतर भाषेची चिंता नाही, तर त्याला विचारा, तिकडे गेल्यावर वर्ग कोण घेणार, आणि ड्यूटीच्या वेळात की नंतर? उत्तर लेखी मागा.

प्रश्न: आमच्या चाकणच्या कारखान्यात कोरियन अधिकारी येतात. त्यांना मराठी शिकवावं का?

उत्तर: जरूर, पण आधी आठवडाभर शॉपफ्लोअरवर बसून ऐका. यंत्र थांबवायला कामगार काय ओरडतात, ते पहिलं शिकवा. आणि तुमच्या सुपरवायझरांचंही एक सत्र घ्या. त्यांची 'हो साहेब' म्हणण्याची तऱ्हा कोरियन साहेबांना कशी कळत असेल, हे त्यांनाही एकदा विचारून बघा.