सुरक्षा-मॉड्यूल, लिनक्स कर्नेलमधील
सुरक्षा-मॉड्यूल, लिनक्स कर्नेलमधील : लिनक्स या संगणक प्रचालन प्रणालीच्या कर्नेलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, प्रवेश-नियंत्रणाचे जादा नियम अंमलात आणणारा विभाग. फाइल उघडणे, नवी प्रक्रिया सुरू करणे, जाळ्यावरून संदेश पाठविणे इ. कामांसाठी प्रत्येक कार्यक्रमाला कर्नेलकडे विनंती करावी लागते. ती नाकारण्याचा अधिकार मॉड्यूलला कर्नेलकडील नोंदणीमुळे प्राप्त होतो.

पार्श्वभूमी : युनिक्सच्या परंपरेप्रमाणे लिनक्समध्ये फाइलीचे परवाने तिचा मालक ठरवितो, ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्याला मात्र जवळजवळ कोणतीच आडकाठी नसते. त्यामुळे रूटच्या अधिकाराने चालणारा एखादा सदोष कार्यक्रम हल्लेखोराच्या हाती पडल्यास सर्व यंत्रणाच त्याच्या ताब्यात जाते. यावर उपाय म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने ‘एसईलिनक्स’ ही योजना तयार करून २००१ मध्ये लिनक्सच्या विकासकांपुढे मांडली. अशा इतरही योजना अस्तित्वात असल्याने लिनस टोरव्हाल्ड्स यांनी त्यांपैकी एकीचीच निवड न करता सर्वांना उपयोगी पडेल अशा सामाईक चौकटीचा आग्रह धरला. ही चौकट डिसेंबर २००३ मध्ये प्रसृत झालेल्या २.६ या आवृत्तीत समाविष्ट होती.

कार्यपद्धती : कर्नेलमधील महत्त्वाच्या कृतींच्या आधी तपासणीची ठिकाणे ठेवलेली असतात, त्यांना ‘हुक’ म्हणतात. कोणत्या हुकाशी आपले कोणते फंक्शन जोडावयाचे, हे मॉड्यूल नोंदणीच्या वेळी कळविते. फाइल उघडताना प्रथम नेहमीचे परवाने तपासले जातात व नंतर नोंदलेल्या मॉड्यूलांना क्रमाने विचारले जाते. एकाचाही नकार आल्यास विनंती फेटाळली जाते. म्हणजे सामान्यतः मॉड्यूल परवाना आकुंचित करू शकते. विस्तृत करू शकत नाही.

नोंदणीतील बदल : प्रारंभी कर्नेल चालू असतानाही मॉड्यूल भरून त्याची नोंदणी करता येई. परंतु उशिरा आलेल्या मॉड्यूलला आधीच सुरू झालेल्या प्रक्रियांची सुरक्षाविषयक माहिती नसते. शिवाय पहारेकरी बदलण्याची ही सोय हल्लेखोरालाही उपयोगी पडू शकते. म्हणून २००८ मधील २.६.२४ या आवृत्तीत ती बंद करण्यात आली. स्वतःचे मॉड्यूल वापरू इच्छिणाऱ्यांना यामुळे संपूर्ण कर्नेल नव्याने बांधावे लागते, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. २०१५ मधील ४.२ या आवृत्तीपासून प्रत्येक हुकाला फंक्शनांची यादी जोडण्यात आली व एका मुख्य मॉड्यूलबरोबर लहान मॉड्यूले चालविणे सुकर झाले. २०१९ मधील ५.१ पासून यंत्र सुरू करतानाच ‘एलएसएम’ या प्राचलाने मॉड्यूलांचा क्रम ठरविता येतो. प्रारंभाची कामे संपल्यावर नोंदी केवळ वाचनीय स्मृतीत राहतात. त्यामुळे त्यांत फेरफार करणे अवघड होते.

प्रमुख मॉड्यूले : एसईलिनक्स व स्मॅक ही प्रक्रियांना व फाइलींना चिन्हे लावून निर्णय घेतात, तर ॲपआर्मर व टोमोयो ही फाइलीच्या मार्गनामावर भर देतात. लँडलॉक (२०२१) या मॉड्यूलमुळे सामान्य कार्यक्रमालाही स्वतःवर निर्बंध घालून घेता येतात. अँड्रॉइड प्रणालीच्या ५.० या आवृत्तीपासून (२०१४) एसईलिनक्सचे नियम पूर्णपणे लागू आहेत.

मर्यादा : सुरक्षा-मॉड्यूल कर्नेलच्याच स्मृतीत व त्याच्याच अधिकाराने चालते. त्यामुळे कार्यक्रमांतील दोषांचे परिणाम ते मर्यादित करू शकत असले, तरी खुद्द कर्नेलमधील गंभीर दोषापासून त्याचे स्वतःचेही पूर्ण संरक्षण होत नाही.