सिकलसेल : कुंडली नको, रक्ततपासणी हवी

विदर्भातील आपल्या बौद्ध वस्त्यांत आणि आदिवासी भागांत सिकलसेल हा रक्ताचा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. तो मागच्या जन्मीचे पाप नाही. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले की तो होतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. अंगातले रक्तही कमी होते.

सदोष जनुक एकाकडूनच आले, तर ती व्यक्ती केवळ ‘वाहक’ असते. तिला सहसा त्रास होत नाही. मात्र पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. जोडीदाराचे रक्त निर्दोष असेल, तर हा धोका नाही. मग वाहक मुलीचे स्थळ सरसकट नाकारायचे कशाला?

हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक ॲसिड, लसीकरण, भरपूर पाणी आणि गरजेनुसार रक्त देणे यांमुळे रुग्णाचे आयुष्य सावरते. ताप आला किंवा छातीत दुखले, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या आजाराचा समावेश आहे.

आम्ही कार्यकर्त्यांना एवढेच सुचवतो : पुढच्या वधू-वर परिचय मेळाव्यात सिकलसेल तपासणीचे टेबल लावा. कारण कळले की दुःख टाळता येते, हीच तथागतांची शिकवण आहे.

जय भीम, नमो बुद्धाय!